सीटवरचं प्लास्टिक

तिसरं गिऱ्हाईक गाडीपाशी आलं, एक शब्द न बोलता चुकचुकलं, आन माझ्या डोक्यात तिडीक गेली.

चुकचुकायची पण पद्धत असती. साधा माणूस एकदा चुकचुकतो आन मोकळा होतो. हा बाबा बॉनेटपाशी दोनदा चुकचुकला, मागच्या चाकापाशी उकिडवा बसून एकदा, आन मंग उभं राहून, आभाळाकडं बघून एक लांबलचक. गाडी पाह्यला न्हाई, मयतीला आल्यासारखा. ही पद्धत कुणाची हाय ते मला बराबर ठाव होतं. ती माझी होती. मी काढलेली, मी घोटलेली, जालन्यातल्या पाच-पंचवीस आंगणांत मी वापरलेली. आन आता एक अनोळखी माणूस ती माझ्याच बहिणीच्या आंगणात, माझ्याच डोळ्यांदेखत वापरून राह्यला होता.

साल दोन हजार चार. पाडवा पाच दिवसांवर. गाव हसनाबाद. माझी थोरली बहीण शिवकन्या, आमची अक्का. तिचा नवरा काकासाहेब, म्हणजे आमचे दाजी, जाऊन सात महिने झालते. मोसंबीची बाग दुष्काळात वाळून काड्या झालती, आन दिराच्या तोंडाकडं बघून जगायचं अक्काच्या रक्तात न्हाई. बदनापूरला स्टेशनच्या रस्त्याला नंदाबाई नावाच्या बाईची पिठाची गिरणी होती. बाई लेकाकडं पुण्याला चालल्ती. गाळा आन गिरणी मिळून दीड लाख. नंदाबाई अक्काला म्हणलीवती, "पाडव्यापस्तोर थांबते शिवकन्याबाई. तुमच्यासाठी थांबते. मंग मला दुसऱ्याला द्यावं लागंल."

अक्काजवळ दीड लाख न्हवते. अक्काजवळ गाडी होती.

गाडी कोणत्या कंपनीची ते जाऊ द्या, ते मॉडेल आता रस्त्यावर दिसत पण न्हाई. आंगानं जीप, पोटातून कार. उंच टायर, वर सामान ठेवायची जाळी, आन आत मऊ सीटा, एसी, कॅसेटचं यंत्र. शोरूममधला टायवाला पोरगा दाजीला म्हणला, "साहेब, शेतात जीप, शहरात कार. एका पैशात दोन गाड्या." दाजीनं अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला सव्वासहा लाख मोजले. बागेची दोन चांगली वर्षं त्या एका गाडीत गेली. गावानं तिला नाव ठेवलं जीपकार.

आता एका पैशात दोन गाड्या कशा असत्यात ते ऐका. शोरूमच्या फाटकातून चाक बाहेर पडलं की पन्नास हजार गेले. टायरला अजून जालन्याची धूळ लागली न्हाई, तवर. दुसऱ्या साली कंपनीनं पुढची जाळी बदलली. नुसती जाळी हो! इंजिन तेच, दारं तीच. पण लोक म्हणायला लागले, तुमचं जुनं मॉडेल. झाले आणखी लाख कमी. तिसऱ्या साली पेट्रोल महाग झालं. शेतकरी म्हणला, मला डिझेलची जीप पायजे, पोती टाकायची हायत, ह्या मऊ सीटांवर काय सरकी टाकू? शहरातला साहेब म्हणला, मला बारकी गाडी पायजे, हे धूड गल्लीत कुठं लावू? घेताना दोघांसाठी होती, विकताना दोघांनाबी नको. चौथ्या साली कंपनीनं मॉडेलच बंद केलं. शोरूमच्या जागी आता फरश्यांचं दुकान हाय. आरसा फुटला तर मुंबईवरून मागवायचा, आन मुंबईवाला म्हणतो, कोणती गाडी?

सहा वर्षांत सव्वासहाचे राहिले एक साठ. हा माझा अंदाज, आन गाडीच्या भावात माझा अंदाज कधी चुकला न्हाई. साडेचार लाखाच्या वर काळानं खाल्ले. त्याचा राग करून काय उपयोग, काळाची कॉलर कुठं धरायची? मी कॉलर धरली ती एक साठच्या खाली जे चाललं होतं त्याची.

पयलं गिऱ्हाईक दहा दिवसांपूर्वी आलं. कडक इस्त्री, गोड बोलणं. "एक पंचेचाळीस देतो ताई. घरी विचारून येतो." अक्का खूष. दीड लाखाला पाचच कमी, ते कुठून बी उभे राहतील. तो गेला तो गेलाच. चार दिवसांनी दुसरा. त्यानं दांडी काढून ऑईल हुंगलं, तोंड वाकडं केलं, "एक दहा." अक्कानं मला जालन्याला फोन केला. "भुजंगा, गाडीला काय झालंय रे? चार दिवसांत पस्तीस हजार कुठं गेले? मी तर हात लावला न्हाई."

म्हणून मी तिसऱ्याच्या टायमाला मुद्दाम येऊन बसलो. ओसरीत, पेपर तोंडासमोर धरून.

चुकचुकून झाल्यावर त्या बाबानं खिशातून लोहचुंबक काढलं. जुन्या स्पीकरचं, गोल, बशीएवढं. ते त्यानं दाराला लावलं. चुंबक घसरून त्याच्या हातात पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. अक्काकडं वळून म्हणला, "बाई, हितं पत्रा न्हाईच. नुसती पुट्टी भरलीय. गाडी ठोकलेली हाय. तुमच्या मालकानं सांगितलं न्हाई का तुम्हाला?"

अक्काचा चेहरा उतरला. मेलेल्या नवऱ्यानं आपल्यापासून काय लपवलं, ह्या इचारात ती पडली. ते पाहून मी पेपर फेकला.

"इकडं आण ते चुंबक."

"तुम्ही कोण?"

"मी चुंबकाचा मालक. आण म्हणतो ना!"

त्याच्या हातातून हिसकावलं. उलटं केलं. मागल्या बाजूला हिरव्या ऑईलपेंटचा ठिपका, आन लावायच्या बाजूला खाकी चिकटपट्टीचे चार थर. ते चार थर मीच लावले होते. चार थर लावले की चुंबक चांगल्या पत्र्यावर बी धरत न्हाई, घसरतं. तीन लावले तर धरतं. चार बराबर. हे शोधून काढायला मी एक आख्खा रविवार घातला होता आन त्या दिवशी हसून हसून माझं पोट दुखलं होतं.

मी चुंबक पालथं केलं, पट्टी नसलेली बाजू दाराला लावली. खट्ट करून बसलं. असं बसलं की मला दोन्ही हातांनी वढावं लागलं.

"अक्का, बघ. पत्रा हाय. दाजीनं गाडी कुठं बी ठोकली न्हाई." मंग त्या बाबाकडं वळलो. "नाव काय तुझं?"

"कडूबा."

"कडूबा, तातेराव तुला एका खेपेचे किती देतो?"

कडूबानं चप्पल घातली.

"दोनशे? मला तीनशे द्यायचा. वर चहा. जा, सांग त्याला, भुजंग येऊन राह्यला."

कडूबा गेला. अक्का माझ्याकडं पाहत होती. "तुला तीनशे द्यायचा म्हंजे?"

"मंग सांगतो," म्हणलं, आन मोटरसायकलला किक मारली. खरं म्हणजे पळालो.

तातेरावाचा अड्डा जालन्यात भोकरदन नाक्यावर. पत्र्याचं शेड, पुढं जुन्या गाड्यांची रांग, काचेवर चुन्यानं लिहिलेले आकडे. सहा वर्षं मी त्याचा खास माणूस होतो. एखादी बाई, एखादा रिटायर मास्तर, एखादा घाईतला माणूस गाडी विकायला काढायचा. पयलं गिऱ्हाईक चांगला भाव बोलून गायब व्हायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाला मालक गाडी देत न्हाई, वाट पाहत बसतो. दुसरा कमी बोलायचा. तिसरा मी. मी भाव बोलायचोच न्हाई. मी फक्त चुकचुकायचो, चुंबक पाडायचो आन माणसाच्या मनातून गाडी उतरवायचो. मंग चौथ्या दिवशी तातेराव स्वतः पांढऱ्या कपड्यांत यायचा, देवासारखा. "अहो, लोक फार लबाड हायत. मी देतो ऐंशी." माणूस हात जोडून गाडी द्यायचा. आम्ही त्याला गाडीला पाणी पाजणं म्हणायचो.

आन खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. एका रिटायर हेडमास्तरासमोर मी चाकाला कान लावून ऐकलं आन म्हणलं, "मास्तर, बेरिंग कण्हतंय." मास्तरानं बी कान लावला आन म्हणला, "हो हो, येतंय ऐकू!" ही गोष्ट मी शंभर ठिकाणी सांगितली असंल. सगळे हसायचे. दोन वर्षांपूर्वी तातेरावानं माझे हजार रुपये दाबले म्हणून मी काम आन चुंबक दोन्ही सोडलं आन टायरचं दुकान टाकलं. हजार रुपयांसाठी सोडलं. मास्तरासाठी न्हाई.

पाडव्याला गाडी घरी न्यायची लोकांची रीत. त्यामुळं अड्ड्यावर त्या दिवशी जत्रा होती. आष्टीपासून माणसं आलेली, बायका-पोरांसकट. तातेराव खुर्चीत, पांढरे कपडे, बोटात खडा.

"या भुजंगराव! किती दिवसांनी. चहा सांगू?"

"माझ्या बहिणीच्या आंगणात माणूस पाठवला तू?"

"तुझी बहीण? मला काय ठाव?"

"तात्या, दाजीला शोरूमला तूच घेऊन गेल्ता. दलाली तूच खाल्ली. गाडीच्या मागल्या काचेवर तुझ्या फोन नंबरचं स्टिकर हाय, म्हणून तर अक्कानं तुला फोन केला. आन तुला ठाव न्हाई?"

तातेरावानं खुर्ची पुढं वढली. आवाज खाली. "बरं, ठाव होतं. मंग? मास्तराची गाडी पाडली तव्हा तू इचारलं का ही कुणाच्या बापाची? त्या नर्सबाईची पाडली तव्हा इचारलं का ही कुणाची बहीण? तू हसून हसून लोळत होता बे. आता तुझ्या घरची आली तर धंदा वाईट झाला का?"

माझा हात खिशात गेला. चुंबक खिशातच होतं.

मी रांगेतल्या पयल्या गाडीपाशी गेलो. आष्टीचं एक कुटुंब ती बघत होतं, म्हातारी बाई आत बसून सीट दाबून बघत होती. मी काहीच बोललो न्हाई. चुकचुकलो. मंग चुंबक दाराला लावलं, चार थरांची बाजू. पडलं. उचललं, बॉनेटला लावलं. पडलं.

"काय झालं हो?" घरधनी म्हणला.

"काही न्हाई. पाडवा तोंडावर हाय, कशाला बोलू."

दुसरी गाडी. पडलं. तिसरी. पडलं. तोवर माझ्यामागं वीस माणसं फिरायला लागलीवती. एक जण म्हणला, मलाबी करून बघू द्या. दिलं त्याला, बाजू बराबर हातात धरवून. त्याच्या हातून बी पडलं. झालं! म्हातारी गाडीतून उतरली आन नातवाला म्हणली, "चल रे, सगळ्या मातीच्या हायत." पाचव्या गाडीच्या चाकाला मी कान लावला. गर्दीतली अर्धी माणसं वाकली. एक जण ओरडला, "कण्हतंय, कण्हतंय!" खरं सांगतो, तेवढ्या रागात बी मला हसू फुटलं. अर्ध्या तासात अड्डा मोकळा. सात-आठ गाड्या जायच्या त्या दिवशी, एक गेली न्हाई.

तातेराव मला मारायला आला न्हाई. ओरडला बी न्हाई. शेडमधला फोन उचलला आन माझ्यासमोर एकेक नंबर फिरवला. मोंढ्यातल्या एजंटला, अंबड रोडवरच्या दोघांना, औरंगाबादच्या तिघांना. प्रत्येकाला एकच वाक्य. "हसनाबादची जीपकार. काकासाहेबांची. हात लावू नका, कागदात लफडं हाय." सहा फोन. फोन ठेवला आन म्हणला, "भुजंगराव, आता जा. घेऊन जा तुझ्या बहिणीला एक साठ."

तिथून निघालो. अर्ध्या तासाच्या मजेसाठी मी अक्काची गाडी अशी करून ठेवली की पाडव्यापस्तोर तिला कुणी शिवणार न्हाई. पाच दिवस, आन सगळी दारं बंद. आन बंद मी केलीवती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हसनाबादला गेलो. अक्का आंगणात सुपात ज्वारी पाखडत होती. गाडी तिच्या मागं, धुतलेली, चकचकीत. मी पायरीवर बसलो आन सगळं सांगितलं. तीनशे रुपये, चहा, चुंबक, मास्तर, तातेराव, सहा फोन. काही ठेवलं न्हाई. म्हणजे एक गोष्ट ठेवली.

अक्का पाखडत राहिली. मंग म्हणली, "म्हंजे आता कुणी येणार न्हाई."

"न्हाई."

"ती गाडी..." तिनं सूप खाली ठेवलं. "भुजंगा, सहा वर्षं गाडी दारात हाय. मी तिच्यात किती येळा बसले सांग."

"मला काय ठाव?"

"सात. मोजून सात खेपा. तुझे दाजी बसू द्यायचे न्हाईत. म्हणायचे, पुढं विकताना भाव आला पायजे. सीटवरचं प्लास्टिक काढलं न्हाई त्यांनी. मे महिन्यात पाठ चिकटायची, सोलल्यासारखी व्हायची, पण प्लास्टिक न्हाई काढलं. कुणी चालवू न्हाई, किलोमीटरचा काटा वाढू न्हाई म्हणून बॅटरीची वायर काढून कपाटात ठेवायचे. बाजारला मोटरसायकल. लग्नाला एसटी. दारात गाडी आन आम्ही एसटीच्या रांगेत!" तिचा आवाज चढला. "आन ज्या दुपारी छातीत दुखायला लागलं त्या दुपारी वायर सापडली न्हाई. कपाट उपसलं मी. वायर सापडली तर बॅटरी उतरलेली. धक्का मारला सगळ्या गल्लीनं, चालू न्हाई झाली. शेजाऱ्याच्या टॅक्टरात नेलं. राजूरच्या अलीकडंच..." ती थांबली. "आन ते दुसरं मेलं गिऱ्हाईक मला काय म्हणलं ठाव हाय का? गाडी उभी राहून खराब झाली म्हणे. लय कमी चालली म्हणून भाव कमी! कमी चालली म्हणून!"

मी मान खाली घातली.

"कुणी सांगितलं होतं त्यांना हे सगळं?" अक्का म्हणली. "त्यांच्या डोक्यातलं न्हवतं हे. ते भोळे होते. कुणीतरी भरवलं होतं."

ही ती एक गोष्ट.

अठ्ठ्याण्णवच्या त्या दसऱ्याला गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. मी बॉनेटला टेकून उभा होतो. दहा-बारा माणसं. मी म्हणलं, "दाजी, एक धंद्यातली गोष्ट सांगू का? प्लास्टिक कधी काढू नका. काढलं की भाव निम्मा. आन काटा पाच हजाराच्या वर गेला की गाडी म्हातारी. आन अक्काला लय बसवू नका, सीट दबती." सगळे खदखदून हसले. अक्का बी हसलीवती, पदर तोंडाला लावून, आन इसरून बी गेली. दाजी हसले न्हाईत. दाजींनी मान हलवली, जसं डॉक्टर पथ्य सांगतो आन माणूस मान हलवतो तसं. मी गाड्यांच्या धंद्यातला माणूस. माझं बोलणं त्यांनी पथ्य म्हणून घेतलं. मला कधी तरी सांगायचं होतं, दाजी मस्करी होती हो. पण दर दिवाळीला मी यायचो, प्लास्टिक पाह्यचो आन मनातल्या मनात हसायचो. पाच वर्षं हसलो.

"मी," म्हणलं. "मी भरवलं होतं. पूजेच्या दिवशी. मस्करीत."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता ती रडंल. ती रडली न्हाई. सूप उचललं आन ज्वारीसकट माझ्या आंगावर फेकलं. दाणे कॉलरीत गेले.

"मस्करीत?"

"अक्का..."

"गप. एक शब्द बोलू नको. भाव सांग."

"काय?"

"गाडीचा खरा भाव सांग. चुकचुकू नको, हसू नको. आता, हितं, जशी उभी हाय तशी. खरा."

"एक साठ."

"दाजीची आण?"

"दाजीची आण. एक साठ."

"मंग तूच दे. आयुष्यभर लोकांच्या दारात खोटं गिऱ्हाईक होऊन गेलास. आता माझ्या दारात खरं हो. एक साठ. पाडव्यापस्तोर."

"अक्का, माझ्याजवळ एक साठ कुठून..."

"राजूर रस्त्याला तुझा प्लॉट हाय. तो ईक."

तिनं माझ्याकडं पाठ केली, चुलीमागून विळी आणली आन गाडीकडं गेली. दार उघडलं. पुढच्या सीटवरच्या प्लास्टिकमध्ये विळीचं पातं घातलं आन खालून वर सरकन वढलं. मंग मागची सीट. प्लास्टिकचे तुकडे आंगणात पडले, पिवळे पडलेले, वाळलेल्या कांद्याच्या पातीसारखे. मी उठून गेलो. आन मला वास आला.

पाच पावसाळ्यांची वल प्लास्टिकखाली कोंडून राहिलीवती. कापड काळं पडलेलं, शिवणीला पांढरी बुरशी. मी बोट लावलं तर आतल्या फोमचा चुरा झाला आन खाली सांडला. ज्या सीटा वाचवल्या त्याच सडल्या. उरलेली आख्खी गाडी ठणठणीत, आन जे जपलं तेवढंच कुजलं.

माझं तोंड, मेलं, सवयीचं. मी चुकचुकलो.

अक्का वळली. विळी हातात.

"अक्का, म्हंजे... सीटा गेल्या ना. आता एक साठ न्हाई होत. चारी सीटा नव्या करायच्या, त्यात हे मॉडेल बंद... आता एक पस्तीस. फार तर एक चाळीस."

"मघाशी किती म्हणलास?"

"मघाशी प्लास्टिक होतं."

"मघाशी दाजीची आण घातली. सीटा कुणाच्या बोलण्यानं सडल्या?"

मी सांडलेला चुरा पायानं सारायला लागलो.

"बोल ना! कुणाच्या?"

"माझ्या."

"मंग एक साठ. पंचवीस हजार तुझ्या मस्करीचे. स्वस्तात सुटला तू." आन मंग हळू आवाजात, पण तो हळू आवाज वरडण्यापेक्षा वाईट होता, "लय स्वस्तात सुटला."

प्लॉट मी तीन दिवसांत विकला. घाईतला माणूस, बाजाराला कळतंच. घेणारा आला, प्लॉटभर फिरला, चपलीनं माती उकरली, उत्तरेकडं बघून एक लांबलचक चुकचुकला. "नाला जवळ हाय," म्हणला. नाला पाऊण किलोमीटरवर होता. तो बोलला त्या भावाला मी सही केली. माझी बायको द्वारका आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाई, आन नवव्या दिवशी जे बोलली ते लिहिण्यासारखं न्हाई.

पाडव्याच्या सकाळी नंदाबाईला पैसे पोचले. दुपारी मी गाडी घेऊन अक्काला न्यायला गेलो. सडक्या सीटांवर मी घरची दोन पोती अंथरलीवती. अक्का पुढं बसली, मांडीवर दाजीचा फोटो, कपड्यात गुंडाळलेला, गिरणीत लावायला. खिडकीची काच खाली केली. हात बाहेर काढला. राजूर गेलं, जालना गेलं. मी दोन-तीनदा काही तरी गंमत बोलायला गेलो, तिनं पाहिलं, मी गिळली.

जालन्याच्या पुढं मी सवयीनं काट्याकडं पाहिलं. चार हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. पाच हजाराला दोन कमी. मला आपसूक पाय उचलावासा वाटला, गाडी हळू झाली.

"काय झालं?" अक्का म्हणली.

"काही न्हाई. काटा पाच हजाराला आलाय."

"मंग?"

"मंग भाव..."

"भुजंगा," अक्का म्हणली, फोटो छातीशी धरून, "म्होरं बघ आन चालव. न्हाई तर उतर, मी एसटीनं जाते."

मी पाय दाबला. काटा पाच हजारावर गेला, पाच हजार एकवर गेला, आन आम्ही बदनापूरला चाललो होतो.